रेपो दर घटतो, हप्ता का घटत नाही?

रिझर्व्ह बँकेने रेपो दरात पाव टक्क्याची कपात केली, की गृहकर्जाचा हप्ता लगेच उतरेल, अशी कर्जदारांची अपेक्षा असते. अनेकदा ती फोल ठरते. रेपो हा बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीसाठी मिळणाऱ्या निधीचा दर असून, बँकांचा बहुतांश निधी ठेवीदारांकडून येतो. त्यामुळे पतधोरणाचा परिणाम सामान्य ग्राहकापर्यंत किती आणि केव्हा पोहोचणार, हे बँकांची स्पर्धा नेमकी कोणत्या ग्राहकासाठी आहे, यावर बरेचसे अवलंबून असते.

नव्यांना सवलत, जुन्यांना प्रतीक्षा

दोन लाख रुपयांवरील कर्जांचे व्याजदर ठरविण्याची मुभा बँकांना १९९४ मध्ये मिळाली. २००३ मध्ये ‘बेंचमार्क प्राइम लेंडिंग रेट’ अर्थात बीपीएलआर ही पद्धत आली. मात्र बडे उद्योग आणि नवे गृहकर्जदार मिळविण्याच्या चढाओढीत बँका या दराहूनही स्वस्त कर्जे सर्रास देऊ लागल्या. मूळ बीपीएलआर त्या मानाने खाली येत नसे. परिणामी, त्याच्याशी हप्ता बांधलेल्या जुन्या कर्जदाराला स्पर्धेचा लाभ मिळाला नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये स्टेट बँकेने पहिल्या वर्षासाठी ८ टक्के दराचे गृहकर्ज जाहीर केले. इतर बँकांनीही अशा योजना आणल्या. पुढे दर वाढल्यावर हप्ते थकण्याचा धोका ओळखून रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये या कर्जांसाठीची तरतूद २ टक्क्यांपर्यंत वाढविली.

नियमांची वाटचाल

१ जुलै २०१० पासून ‘बेस रेट’ लागू झाला. काही अपवाद वगळता त्याखाली कर्ज देण्यास मनाई करण्यात आली. २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेण्यास बँकांना बंदी झाली व कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेणे सुलभ झाले. १ एप्रिल २०१६ पासून निधीच्या सीमान्त खर्चावर आधारित ‘एमसीएलआर’ आला. परंतु हे दोन्ही दर बँकांनी स्वतःच काढायचे होते. या हिशेबातील मनमानीवर डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने २०१७ मध्ये बोट ठेवले. अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी वैयक्तिक व लघुउद्योग कर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी जोडणे बँकांना बंधनकारक झाले. जे काम स्पर्धेने होईना, ते नियमाने करावे लागले.

ठेवीदारांची बाजू

बचत खात्यावरील व्याजदर ऑक्टोबर २०११ मध्ये मुक्त झाले. काही खासगी बँकांनी ६ टक्क्यांपर्यंत व्याज देऊ केले. बड्या बँका मात्र ४ टक्क्यांवरच राहिल्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. बाह्य मानदंडाशी जोडलेली कर्जे महागली, मुदत ठेवींचे दरही वाढले. स्टेट बँकेच्या सर्वसाधारण बचत खात्यावरील दर मात्र २.७० टक्केच राहिला. पगार जमा होणारे खाते केवळ व्याजासाठी सहसा कोणी बदलत नाही. त्यामुळे या खात्यांसाठी चढाओढ करण्याची निकड बड्या बँकांना भासत नाही.

कर्जदारांनी काय पाहावे?

२०२५ मध्ये रेपो ६.५ वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आला. बाह्य मानदंडाशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावा लागतो. एमसीएलआर वा बेस रेटवरील जुन्या कर्जात हा बदल उशिरा दिसतो. शिवाय मानदंडावर बँक किती अधिभार लावते, हा स्पर्धेचाच भाग आहे. नव्या ग्राहकाला तो कमी लागू शकतो. म्हणून आपले कर्ज कोणत्या दराशी जोडले आहे व त्यावरील अधिभार किती, हे कर्जदाराने बँकेकडून जाणून घ्यावे. तफावत मोठी असल्यास पद्धत बदलून मागता येते किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेता येते. मात्र त्यापूर्वी प्रक्रिया शुल्क आणि अन्य खर्चाचा हिशेब करणे आवश्यक ठरते.