शीव कुणाची, दप्तर कुणाकडं?

पूर्वी दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की महाराला पुढं चालवायचे. तो चालेल ती शीव. त्याचा शब्द सरकारदरबारी मानला जायचा. बाकी दिवस त्याच महाराला गावाबाहेर ठेवायचे. शीव त्याला पाठ होती, पण शिवेच्या आत त्याला घर नव्हतं. महारवतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, ते बरं झालं. पण शिवा आखायचं काम तेव्हाही कलेक्टर कचेरीतच होतं, आजही तिथंच आहे.

आपला नाशिक जिल्हा काही देवानं आखलेला नाही. १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा नाशिक नावाचा जिल्हाच नव्हता. १८६९ ला इंग्रजांनी काही मुलूख खानदेशातनं काढला, काही अहमदनगरातनं, आणि जोडून जिल्हा केला. आता मालेगाव वेगळा जिल्हा करा ही मागणी कैक वर्षं चालू आहे. होईल किंवा न होईल. माझा प्रश्न एवढाच, की रेघ हलली म्हणजे गोरगरिबाचा कागद कुठं जातो?

याचा इतिहास मुंबईत बघावा. १८९६ ला प्लेग आला. माणसं पटापट मेली. गिरण्या ओस पडायची पाळी आली तेव्हा सरकारला घाण दिसली. १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या मंडळात सरकारची माणसं, व्यापाऱ्यांची माणसं, गिरणीमालकांची माणसं. चाळीत राहणारा एकही नाही. ट्रस्टनं मोठे रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. उठलेला कामगार शेजारच्या चाळीत आणखी दाटीनं घुसला. याला सुधारणा म्हणायचं.

तरी ज्या काही चाळी झाल्या त्यांतल्याच एका चाळीत, परळला, बाबासाहेब राहत होते. २ मार्च १९३० ला आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही त्यांचं बिऱ्हाड बी. आय. टी. चाळीतच होतं. ही गोष्ट पोरांना सांगत जा.

पुढं ट्रस्ट महापालिकेच्या ताब्यात गेला आणि १९३३ ला पुरता विरून गेला. पाटी उतरली. चाळी मात्र उभ्याच राहिल्या, भाडं भरणारी माणसंही. आता नळ तुटला तर महापालिकेनं बघायचं. महापालिकेतली सुधार समिती ही त्याच ट्रस्टची उरलेली खूण. म्हणजे संस्था मेली, पण तिचं काम बघायला निवडून आलेल्या लोकांची समिती तरी राहिली. नगरसेवकाच्या दारात जाऊन बोंब मारता यायची.

बी. डी. डी. चाळींचं तसं झालं नाही. १९२० ला सरकारनं विकास खातं काढलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी. १६० चौरस फुटांची खोली. खातं गुंडाळलं, चाळी सरकारकडंच राहिल्या. तिथल्या माणसाला दाद मागायची तर मंत्रालय गाठावं लागलं.

आता नाशकात या. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी मिळून महानगरपालिका झाली. खेड्यांची शीव एका दिवसात पुसली. सिडकोची घरं भाडेपट्ट्यावरची. रस्ता-पाणी महापालिकेकडं, घराचा कागद सिडकोकडं. २०२२ ला सिडकोचं इथलं कार्यालय बंद करायचा आदेश निघाला. त्याच साली मार्चपासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक बसलेला. म्हणजे कागद सांभाळणारा उठून जायच्या बेतात, आणि त्याला जाब विचारायला निवडून दिलेला माणूसही नाही. ही वेळ नुसत्या सिडकोवाल्यांवर येत नाही. झोपडपट्टीवर तर रोज येते.

दोस्तांनो, मी पाळीतनं सुटून हे लिहितोय. शाळा थोडीच झाली, म्हणून कचेरीची भाषा उशिरा समजली. पण एक समजलं. कुठलीही संस्था बंद होताना मोर्चा काढायचा तर तो पाटीसाठी काढू नका. दप्तर कुणाकडं जाणार, पावत्या कोण मानणार, तक्रार कोण ऐकणार, हे लेखी मागा. आपल्या नावची भाडेपावती ट्रंकेत जपून ठेवा.

शीव आपल्या बापजाद्यांना पाठ होती. आपण दप्तर पाठ करू.