युरोव्हिजन गीतस्पर्धा आणि यजमान ब्रिटन

लग्नात नवरानवरीचे कौतुक सर्वजण करतात. मांडव कोणी घातला, पाण्याची सोय कोणी पाहिली, हे मात्र पंधरा दिवसांत विसरले जाते. देशादेशांमधील गाण्याच्या स्पर्धेचेही असेच आहे. युरोव्हिजन गीतस्पर्धा ब्रिटनने पाच वेळा जिंकली: १९६७, १९६९, १९७६, १९८१ आणि १९९७ साली. परंतु याच देशाने ती नऊ वेळा भरवली, आणि त्यांपैकी पाच वेळा दुसऱ्या देशाच्या वतीने, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. देशोदेशी पांगलेल्या आपल्या समाजातही आता संगणकाच्या पडद्यावर गाण्यांच्या चढाओढी होऊ लागल्या आहेत. म्हणून या यजमानपणाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

या स्पर्धेची पालक संस्था म्हणजे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. तिची स्थापना १९५० साली इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झालेल्या परिषदेत झाली. निरनिराळ्या देशांच्या टेलिव्हिजन केंद्रांना एकाच वेळी एकच कार्यक्रम दाखवता येतो की नाही, हे पाहण्याची तेव्हा मोठी उत्सुकता होती. इटलीतील सान रेमो येथील गीतमहोत्सवाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली स्पर्धा झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गाणी सादर केली. परीक्षकांनी गुप्तपणे गुण दिले, स्वतःच्या देशाच्या गाण्यालाही गुण देण्याची मुभा होती, आणि लक्झेंबर्गचे परीक्षक न आल्यामुळे त्यांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या परीक्षकांनी मते दिली. स्वित्झर्लंडच जिंकले! कोणाला किती गुण पडले ते कधीच प्रसिद्ध झाले नाही.

पुढच्याच वर्षी, १९५७ साली, फ्रँकफर्टला ब्रिटन प्रथम सामील झाले. त्या वर्षी दोन शहाणपणाचे बदल झाले. कोणत्याही देशाने स्वतःच्या गाण्याला मत द्यायचे नाही, असा नियम झाला. आणि देशोदेशींचे गुण टेलिफोनवरून मागवून सर्वांच्या डोळ्यांदेखत फलकावर मांडले जाऊ लागले. प्रत्येक देशाचे दहा परीक्षक, प्रत्येकाला एक मत. देश लहान असो वा मोठा, त्याच्या हाती दहाच मते. सारी स्पर्धा पुढे या पायावर उभी राहिली.

आता यजमानपणाकडे येऊ. जिंकणाऱ्या देशाने पुढच्या वर्षी स्पर्धा भरवावी, अशी रीत पडत गेली. पण हे काम खर्चाचे. नेदरलँड्सने १९५८ साली स्पर्धा भरवली होती. १९५९ साली ते पुन्हा जिंकले तेव्हा त्यांनी नकार दिला आणि १९६० ची स्पर्धा बी.बी.सी.ने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये घेतली. फ्रान्सने १९६३ साली नकार दिला, तेव्हा पुन्हा लंडन. मोनॅकोच्या चिमुकल्या राज्याला १९७२ साली हे ओझे पेलवेना, तेव्हा एडिंबरोचा अशर हॉल सजला. लक्झेंबर्ग लागोपाठ दोनदा जिंकले. एकदा त्यांनी स्पर्धा भरवली, दुसऱ्यांदा हात जोडले. म्हणून १९७४ ची स्पर्धा ब्रायटनला झाली आणि स्वीडनच्या ‘आबा’ मंडळीचे नाव तेथून जगभर गेले. सूत्रसंचालिका केटी बॉइल १९६०, १९६३, १९६८ आणि १९७४ अशा चार वेळा व्यासपीठावर होत्या.

यजमानाची खरी परीक्षा गाण्यांच्या वेळी होत नाही, ती गुणांच्या वेळी होते. १९६३ साली नॉर्वेच्या प्रतिनिधीने टेलिफोनवरून गुण सांगितले ते ठरलेल्या पद्धतीने नव्हते. केटी बॉइल यांनी ते पुन्हा विचारले, तेव्हा ‘आमच्याकडे शेवटी या’ असे उत्तर आले. शेवटी आलेले गुण मात्र निराळे होते! पहिल्या गुणांनी स्वित्झर्लंड पुढे राहिले असते. दुसऱ्या गुणांनी डेन्मार्क ४२ विरुद्ध ४० असे जिंकले. हरलेली गायिका कोण, हे आपल्या वाचकांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडतर्फे गाणारी ती एस्थर ओफारिम, इस्राएलमधील सफेद गावी जन्मलेली. पहिले आकडे अंतिम नव्हते, असा नॉर्वेचा खुलासा होता. तो ज्यांना पटला त्यांना पटला. इतरांच्या मनातली शंका आजपावेतो गेलेली नाही.

आम्ही नर्सेस होतो. इस्पितळात गुंगीचे जहाल औषध द्यायचे झाल्यास दोघींनी मिळून कपाट उघडायचे, दोघींनी मात्रा मोजायची आणि दोघींनी वहीत सही करायची, असा दंडक होता. त्यात कोणावर अविश्वास नव्हता. मागाहून कोणी विचारले तर दोघींनाही निर्धास्त उत्तर देता यावे, एवढाच हेतू. गुण मोजणाऱ्यांसही हाच दंडक लागू आहे.

नियम नसला की काय होते, ते १९६९ साली माद्रिदला दिसले. ब्रिटन, स्पेन, फ्रान्स आणि नेदरलँड्स या चौघांना प्रत्येकी १८ गुण पडले. बरोबरी झाल्यास काय करावे, हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. चौघांनाही विजयी ठरवावे लागले. पुढे १९७१ साली प्रत्येक देशाचे दोनच परीक्षक ठेवले, एक तरुण आणि एक प्रौढ, दोघांच्या वयांत किमान दहा वर्षांचे अंतर. एडिंबरोला ही मंडळी किल्ल्यात बसून टेलिव्हिजनवर गाणी पाहत होती. आज सर्वांना ठाऊक असलेली १२, १०, ८ आणि मग एकेकाने उतरत जाणारी गुणांची पद्धत १९७५ साली सुरू झाली.

इस्राएलचा प्रवेश १९७३ साली लक्झेंबर्गला झाला. म्युनिकच्या हत्याकांडाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. कडक पहाऱ्यात इलानीत गायली आणि चौथी आली. १९७८ साली इझ्हार कोहेन आणि १९७९ साली यरुशलेममध्येच गाली अतारी जिंकली. दोघेही येमेनमधून आलेल्या यहुदी घराण्यांतले. पूर्वेकडून गेलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा विशेष आनंद. १९७९ ची स्पर्धा शनिवारी होती, पण शब्बाथ सरल्यावरच सुरू झाली. १९८० साली मात्र हेग येथील स्पर्धेची तारीख इस्राएलच्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी पडली, आणि आधीच्या वर्षीचा विजेता असूनही इस्राएलने भाग घेतला नाही. तारीख ठरवताना सर्वांच्या सणवारांकडे व दुःखाच्या दिवसांकडे पाहावे, हा धडा यजमानाने कायम लक्षात ठेवावा.

भाषेचाही इतिहास आहे. प्रत्येकाने आपल्या देशाच्या भाषेत गावे, हा नियम १९६६ साली आला, १९७३ साली उठला, १९७७ साली परत आला. ९ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅमला झालेली स्पर्धा ही त्या नियमाची आणि वाद्यवृंदाचीही शेवटची. तेथे दाना इंटरनॅशनलने हिब्रू गाण्यावर १७२ गुण मिळवले. यजमान ब्रिटनला १६६ आणि माल्टाला १६५. निकाल अगदी शेवटच्या देशाच्या गुणांवर ठरला. पुढल्या वर्षापासून ज्याला हवी ती भाषा मोकळी झाली आणि बहुतेक देश इंग्रजीकडे वळले.

बर्मिंगहॅमच्या त्याच स्पर्धेत बहुतेक देशांचे निकाल प्रेक्षकांनी टेलिफोनवरून दिलेल्या मतांवर ठरले. पुढे परीक्षक आणि प्रेक्षक अशी निम्मी-निम्मी वाटणी झाली. तरी भांडणे मिटली नाहीत. २०२२ साली सहा देशांच्या परीक्षकांच्या मतांत संशयास्पद साम्य आढळले, म्हणून ती मते बाजूस ठेवण्यात आली. अलीकडे तर इस्राएलच्या सहभागावरून मोठे वादळ उठले. २०२५ च्या नोव्हेंबरात, एका प्रेक्षकाला देता येणारी मते २० वरून १० वर आणण्याचा निर्णय झाला.

२०२२ साली युक्रेन जिंकले, पण तेथे युद्ध पेटलेले. दुसऱ्या क्रमांकाच्या ब्रिटनने पाचव्यांदा दुसऱ्याचा मांडव आपल्या दारी घातला. १३ मे २०२३ रोजी लिव्हरपूलला झालेल्या सोहळ्यात युक्रेनची गायिका सूत्रसंचालनात होती, युक्रेनी कलावंत गायले, आणि आसऱ्यासाठी या देशात आलेल्या युक्रेनी लोकांसाठी ३,००० तिकिटे राखून ठेवली होती. स्पर्धेबाहेरच्या देशांतील लोकांना संगणकावरून मत देण्याची सोयही त्याच वर्षी प्रथम झाली. पाहुण्याचे घर मोडले असता त्याच्या नावाचा दिवा आपल्या ओसरीवर लावावा, असेच ते यजमानपण होते.

आता आपल्याविषयी. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, युरोव्हिजनची स्पर्धा इतिहासात प्रथमच रद्द झाली. त्याच दिवसांत आमच्या नात्यातल्या मंडळींनी संगणकावर इस्राएल, भारत आणि इंग्लंड असा गाण्यांचा सामना मांडला. प्रत्येक माणसाला एक मत ठेवले होते. अश्दोद आणि लोदची माणसे सर्वांत अधिक, तेव्हा निकाल काय लागणार ते उघडच होते. ठाण्याच्या मोठ्या मावशींनी हळदीच्या वेळचे जुने मराठी गाणे म्हटले; नातवंडांना शब्द कळले नाहीत आणि मावशी शेवटच्या आल्या. पुढच्या वेळी त्यांनी गाण्यास नकार दिला. एक गाणे असे कमी होते, मग दुसरे, आणि ती गाणी कागदावर कोठेच नाहीत.

तेव्हा जे कुटुंब किंवा मंडळ असा कार्यक्रम योजील, त्याने सत्तर वर्षांच्या या इतिहासातून एवढे घ्यावे. देशाची माणसे कितीही असोत, प्रत्येक देशाची मते सारखी ठेवावीत. स्वतःच्या देशाला मत नको. परीक्षक दोन, एक तरुण आणि एक वयस्क. निदान एक गाणे मराठीत असावे, आणि त्याचा अर्थ मुलांना आधी सांगावा. बरोबरी झाल्यास काय करायचे ते आधीच लिहून ठेवावे. वार रविवार धरावा. गुण दोघांनी मोजावेत, आणि यजमानपण आळीपाळीने फिरवावे. एखाद्या घरी आजार किंवा दुःख असेल, तर त्याची पाळी शेजारच्या देशाने घ्यावी, पण कार्यक्रम त्याच घराच्या नावाने व्हावा.