ऋतुजा भोसले : सुवर्णपदक आणि क्रमवारीची शिडी

चीनमधील हांगझोऊ येथे ३० सप्टेंबर २०२३ रोजी झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम लढतीत ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा या जोडीने टेनिसच्या मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. महाराष्ट्राच्या या खेळाडूचे नाव त्या एका दिवसात देशभर पोहोचले. मात्र महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीत त्या विजयामुळे तिच्या खात्यावर एकाही गुणाची भर पडली नाही. आशियाई स्पर्धेत क्रमवारीचे गुण दिले जात नाहीत, स्पर्धेची म्हणून बक्षिसाची रक्कमही नसते. आणि मिश्र दुहेरीची जागतिक क्रमवारी तर अस्तित्वातच नाही. कारकिर्दीतील सर्वोच्च यश आणि कारकीर्द ज्यावर चालते ते गणित यांचा असा संबंध नसणे, हेच व्यावसायिक टेनिसचे वैशिष्ट्य आहे. ऋतुजाच्या वाटचालीतून ते स्पष्ट दिसते.

जडणघडण

ऋतुजाचा जन्म २७ मार्च १९९६ रोजीचा. तिचे गाव अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील श्रीरामपूर. साखर कारखानदारीच्या या पट्ट्यात कुस्ती आणि कबड्डीला मोठी परंपरा आहे. टेनिस मात्र तेथे शहरातून आलेला खेळ.

कनिष्ठ गटातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूपुढे अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वाटा असतात. एक, थेट व्यावसायिक स्पर्धांत उतरण्याची. दुसरी, अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश घेऊन तेथील संघाकडून खेळण्याची. दुसऱ्या वाटेने गेल्यास प्रशिक्षण, प्रवास आणि शिक्षण यांचा भार मोठ्या प्रमाणावर विद्यापीठ उचलते. परंतु क्रमवारी उभारण्याची उमेदीची वर्षे त्यात खर्ची पडतात. ऋतुजाने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा मार्ग स्वीकारला आणि २०१७ पर्यंत ती तेथील संघाकडून खेळली. पूर्ण वेळ व्यावसायिक टेनिसकडे ती वळली ती त्यानंतर, पदवी पदरात पाडून.

शिडीच्या खालच्या पायऱ्या

महिला टेनिसमध्ये ग्रँड स्लॅम आणि डब्ल्यूटीएच्या स्पर्धा वरच्या पायरीवर असतात. त्यांच्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजेच आयटीएफच्या, स्पर्धांची मालिका असते. तेथे स्पर्धेचा दर्जा एकूण बक्षीस रकमेवरून ठरतो. २०२३ पर्यंत या मालिकेची सुरुवात १५ हजार डॉलरच्या स्पर्धेपासून होत असे. त्यानंतर २५, ४०, ६०, ८० आणि १०० हजार डॉलर असे टप्पे होते. ऋतुजाच्या कारकिर्दीचा बहुतांश भाग याच मालिकेत गेला आणि तिची बहुतेक विजेतेपदे दुहेरीतील आहेत.

या पायऱ्यांमधील अंतर आकड्यांवरून समजते. २०२३ मध्ये १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळविणाऱ्या खेळाडूला १० गुण मिळत. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूलाही १० गुणच मिळत. त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत एकेरीच्या पहिल्या फेरीत पराभूत झालेल्या खेळाडूला ८१ हजार ५०० डॉलर मिळाले. २५ हजार डॉलरच्या स्पर्धेत सर्व खेळाडूंत मिळून वाटल्या जाणाऱ्या रकमेच्या तिपटीहून ही रक्कम अधिक आहे.

मिळविलेले गुण ५२ आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी जिंकलेल्या स्पर्धेचे गुण यंदा त्याच सुमारास गळून पडतात आणि जागा राखण्यासाठी ते नव्याने मिळवावे लागतात. त्यामुळे दुखापतीची विश्रांतीही महाग पडते. विमानभाडे, निवास, प्रशिक्षक आणि फिजिओ यांचा खर्च मात्र खेळाडूचा स्वतःचा असतो. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत एकेरीसाठी प्रवेश हवा असेल, तर साधारणपणे पहिल्या अडीचशेंच्या आसपास असावे लागते; मुख्य फेरीत थेट प्रवेशासाठी पहिल्या शंभरांच्या जवळपास. एकेरीत ऋतुजा पहिल्या शंभरांत पोहोचू शकली नाही. दुहेरीने तिला व्यावसायिक टेनिसमध्ये टिकून राहण्याची वाट दिली.

देशासाठी

सांघिक स्पर्धेत ऋतुजाने भारताचे प्रतिनिधित्व केले. मार्च २०२० मध्ये दुबई येथे झालेल्या फेड चषकाच्या आशिया-ओशनिया गटात ती सानिया मिर्झा, अंकिता रैना आणि रिया भाटिया यांच्यासह भारतीय संघात होती. इंडोनेशियाविरुद्धच्या निर्णायक लढतीत तिला पहिला एकेरी सामना गमवावा लागला. परंतु अंकिताने बरोबरी साधली, सानिया-अंकिता जोडीने दुहेरी जिंकली आणि भारत प्रथमच या स्पर्धेच्या प्ले-ऑफ फेरीत दाखल झाला.

हांगझोऊमध्ये एकेरीत तिची वाटचाल फिलिपिन्सच्या अॅलेक्झांड्रा इयालाने रोखली. मिश्र दुहेरीत तिचा साथीदार होता ४३ वर्षांचा बोपण्णा. त्याच वर्षी इंडियन वेल्सचे दुहेरीचे विजेतेपद मिळवून तो मास्टर्स १००० दर्जाची स्पर्धा जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला होता. अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या दुहेरीतही तो अंतिम फेरीपर्यंत गेला होता. पुरुष दुहेरीत लवकर बाहेर पडल्यानंतर त्याच्या अखेरच्या आशियाई स्पर्धेतील पदकाची आशा मिश्र दुहेरीवरच उरली होती. आयटीएफच्या लहान स्पर्धांतून आलेल्या ऋतुजावर ही जबाबदारी मोठीच होती.

उपांत्य फेरीत या जोडीने चायनीज तैपेईच्या चान हाओ-चिंग आणि शू यू-शिऊ यांना ६-१, ३-६, १०-४ असे हरविले. अंतिम लढतही चायनीज तैपेईच्याच लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ यांच्याशी होती. पहिला सेट भारतीय जोडीने २-६ असा गमावला, दुसरा ६-३ असा जिंकला. निर्णय तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या सुपर टायब्रेकमध्ये, म्हणजे प्रथम १० गुण मिळविण्याच्या शर्यतीत, १०-४ असा लागला. हांगझोऊत भारतीय टेनिसला मिळालेले हे एकमेव सुवर्ण. साकेत मायनेनी आणि रामकुमार रामनाथन यांनी पुरुष दुहेरीत रौप्यपदक मिळविले. मिश्र दुहेरीत याआधी २००६ मध्ये दोहा येथे लिअँडर पेस-सानिया मिर्झा आणि २०१४ मध्ये इंचिऑन येथे सानिया-साकेत यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिले होते.

महाराष्ट्राची परंपरा

आशियाई स्पर्धेतील टेनिस पदकांच्या यादीत महाराष्ट्राची नावे पूर्वीही होती. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी १९९४ मध्ये हिरोशिमा येथे लिअँडर पेसच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले होते. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ मध्ये सानियासह महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळविले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्येही ती सानियाची साथीदार होती. ही सर्व पदके दुहेरीतील आहेत. ऋतुजाचे सुवर्ण या परंपरेला धरूनच आहे.

पदकानंतर

ऑलिम्पिकमधील मिश्र दुहेरीत एकेरी वा दुहेरीसाठी आधीच पात्र ठरलेल्या खेळाडूंनाच उतरता येते, आणि ती पात्रता मुख्यतः क्रमवारीवर ठरते. त्यामुळे आशियाई सुवर्ण मिळवूनही ऋतुजासाठी पॅरिसचे दार उघडले नाही. २०२४ च्या त्या ऑलिम्पिकमध्ये टेनिस कोर्टवर एकही भारतीय महिला नव्हती.

या कोंडीवर खेळाडू एकट्याने उपाय करू शकत नाही. सोलापूर, पुणे, नवी मुंबई अशा शहरांत होणाऱ्या आयटीएफ स्पर्धांचे मोल त्यामुळेच अधिक आहे. घराजवळ गुण मिळाले, तर परदेशवारीचा खर्च वाचतो आणि पुढच्या पायरीसाठी बळ उरते. अशा स्पर्धा सातत्याने होत राहिल्या, तर श्रीरामपूर वा बार्शीतून निघालेल्या पुढच्या मुलीला विमानाच्या तिकिटाआधी प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसचा विचार करता येईल.