पाथरीचे वतन आणि खडकीचा हबशी

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे नाव निघाले की आज साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. पाचशे वर्षांपूर्वी याच गावावरून दोन सुलतान लढले होते, आणि त्या लढ्याच्या मुळाशी होते एक कुलकर्णीपण. इतिहासकार फिरिश्ता देतो ती हकिकत अशी : बहमनी फौजेच्या विजयनगरवरील स्वारीत एक ब्राह्मण मुलगा कैद झाला, गुलाम म्हणून वाढला, मुसलमान झाला आणि निजामउल्मुल्क बहिरी या नावाने बहमनी दरबारात वजीरपदापर्यंत चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी केली. घराण्याचे मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांत, म्हणून अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूखही देऊ केला. नकार आला तेव्हा १५१८ मध्ये त्याने ती जिंकून घेतली. फिरिश्ता स्वतः अस्तराबादचा, म्हणजे परका, आणि त्याने हे सारे बऱ्याच नंतर लिहिले. तेव्हा वंशावळ रचलेली असेल, ही शंका रास्त आहे. पण रचलेली मानली तर ती अधिकच बोलकी ठरते. सिंहासनावर बसलेल्या सुलतानालाही गोदाकाठच्या एका गावच्या दप्तराशी आपले नाते दाखवावेसे वाटले. दख्खनमध्ये ‘आपला’ ठरायला धर्म आणि फौज पुरेशी नव्हती, वतन लागत होते.

या कसोटीवर मलिक अंबर पार नापास होतो. सोळाव्या शतकाच्या मध्याला इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला आणलेला हा माणूस. त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले, आणि तो पेशवाही हबशीच, म्हणजे आफ्रिकीच होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून बुडती निजामशाही सावरली. १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. १६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी त्याला भेटला. ब्रूके त्याआधी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गिनीपासून अंगोलापर्यंत, व्यापार करून आला होता. तिथे युरोपीय व्यापारी काळ्या माणसांचीही खरेदी-विक्री करत. आज नायजेरियात मोडणाऱ्या बॉनी आणि कॅलाबार या बंदरांतून पुढे लाखो माणसे अमेरिकेच्या मळ्यांत गेली, आणि तिथे गुलामाचे मूल गुलामच जन्मे. दख्खनमध्ये मात्र त्याच ब्रूकेला एका आफ्रिकी सत्ताधीशापुढे अदबीने उभे राहावे लागले. त्याने अंबरच्या भव्य देहयष्टीचे आणि त्याच्या मुलखातल्या सुरक्षिततेचे वर्णन करून ठेवले आहे.

वतन नसलेल्या या माणसाने इतरांच्या वतनांना हात लावला नाही, उलट ती सांभाळली, आणि त्याच्या सत्तेचे मर्म मला इथे दिसते. मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ याने नोंदवल्याप्रमाणे अंबरने महसुलाचे मक्ते बंद केले, पाटील-कुलकर्ण्यांची मोडलेली गावव्यवस्था पुन्हा बसवली, प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा आधी धान्यात घेतला आणि काही हंगामांचा अनुभव आल्यावर तो रोखीत ठरवला. यावर आक्षेप येतो की ग्रँट डफ १८२६ चा, अंबर १६२६ मध्ये वारला. मधली दोनशे वर्षे दंतकथेला भरपूर झाली. आक्षेप निम्मा खरा आहे. हिश्शाचे नेमके प्रमाण सांगणारे आकडे सावधपणेच घ्यावेत. पण मराठी कागदांत ‘मलिकंबरी धारा’ हा शब्दप्रयोग टिकला, आणि कुणबी-पाटलांच्या व्यवहारात ज्याचे नाव दराला चिकटते तो केवळ लुटारू नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : यात उदारपणा कसला, त्याला फौज पोसायची होती. होतीच. मोगलांशी गनिमी काव्याने लढायचे तर डोंगरात दाणावैरण पुरवणारा गाव राजी हवा. स्वार्थ होता म्हणून धोरण खोटे ठरत नाही.

याचा अर्थ रंग कोणाला दिसत नव्हता असे नाही. मोगल बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तात अंबरच्या काळेपणावरून शिव्या देतो. प्रत्यक्षात हरवता येईना, तेव्हा चित्रकार अबुल हसनकडून त्याने भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर स्वतः बाण सोडतानाचे चित्र काढवून घेतले. बादशहाची हौस चित्रात भागली. आणि हबशी दख्खनला आले ते विकले जाऊन, हे कोणत्याही पेशवाईने पुसले जात नाही. एक अंबर वर आला, त्यामागे किती जण निनावी मेले याचा हिशेब कुठल्याच बखरीत नाही.

तरीही निष्ठेचा प्रश्न उरतो, आणि तिथे वतनाची कसोटी उलटी पडते. सिंदखेडचे लखुजी जाधवराव या मातीतले देशमुख, तरी ते मोगलांना मिळाले आणि १६२४ मध्ये भातवडीच्या रणात अंबरच्या विरुद्ध बाजूला उभे होते. अंबरच्या बाजूने शहाजी आणि शरीफजी हे भोसले बंधू लढले. शरीफजी तिथेच पडले. वतनदाराला नवा धनी परवडे, कारण धनी बदलला तरी वतन कायम राहण्याची आशा असे. अंबरला निजामशाहीबाहेर काहीच नव्हते. त्याचा मुलगा फत्तेखान याने मात्र १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. त्यानंतर एका अल्पवयीन निजामशहाला पुढे करून शहाजींनी आणखी तीन वर्षे राज्य ओढले, अंबरने परांड्याला केले होते अगदी तसेच.