बारदेशचे मीठ आणि कुडाळची सरहद्द

शेजारील राष्ट्राने सरहद्दीवरील उपद्रव आवरावा म्हणून त्याच्या मालावर जकात बसविण्याचा धाक घालणे, हा प्रकार अलीकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. ३० मे २०१९ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी मेक्सिकोच्या सर्व मालावर ५ टक्के आणि पुढे दरमहा वाढत जाऊन २५ टक्क्यांपर्यंत जाणारी जकात जाहीर केली. ७ जून रोजी मेक्सिकोने सरहद्दीवर आपले राष्ट्रीय दल ठेवण्याचे मान्य केले आणि जकात बसलीच नाही. या नीतीचा पूर्वज म्हणून शिवाजीमहाराजांच्या १६७१ च्या मीठविषयक पत्राकडे बोट दाखविण्याचा मोह मराठी अभ्यासकास होणे साहजिक आहे. तो कितपत खरा, हे पाहावयास हवे.

कुडाळ आणि पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेश यांच्या सीमेवर त्या काळी दोन निरनिराळे प्रश्न होते. पहिला देसायांचा. महाराजांनी कुडाळ प्रांत घेतल्यावर लखम सावंत आदी देसाई गोव्याच्या आश्रयास गेले आणि तेथून स्वराज्याच्या मुलखास उपद्रव देऊ लागले. आजच्या परिभाषेत हाच सीमासुरक्षेचा प्रश्न होय. त्याची तड जकातीने लावलेली नाही. नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांच्या फौजा बारदेशात शिरल्या, आणि त्यानंतर डिसेंबरात विजरई कोंदि द सां व्हिसेंती याच्याशी तह झाला. देसायांनी पोर्तुगीज हद्दीतून उपद्रव करू नये, केल्यास त्यांस हाकलून द्यावे, हे त्यातील मुख्य कलम.

दुसरा प्रश्न मिठाचा. ७ डिसेंबर १६७१ च्या पत्रात मामले कुडाळचे अधिकारी नरहरी आनंदराव यांस महाराजांची आज्ञा अशी की, बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी. इतकी की, ते प्रभावळी प्रांतात, संगमेश्वराकडे, विकणाऱ्या मिठाहून स्वस्त पडू नये. कारणही पत्रातच दिले आहे. स्वस्ताईमुळे व्यापारी बारदेशाकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठाचा व्यापार बसेल. हिशेब सारा बाजारभावाचा आहे. घाट चढणाऱ्या मालावर घाटातच कर घेता येतो, आणि मीठ हा काही लपवून नेण्याजोगा जिन्नस नव्हे. तेव्हा हुकूम अमलात येण्याजोगा होता, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

परंतु याला धाक म्हणता येईल काय? धाक ज्याला घालावयाचा त्याच्या कानी तो जावा लागतो, आणि अमुक केल्यास जकात उठेल अशी अट त्याच्यापुढे ठेवावी लागते. हे पत्र विजरईस लिहिलेले नाही. ते आपल्याच अधिकाऱ्यास दिलेली आज्ञा आहे. त्यात देसायांचा उल्लेख नाही, पोर्तुगीजांकडून काही मागणीही नाही. १६६७ चा तह आणि १६७१ चे पत्र एकाच सरहद्दीवरचे म्हणून एका सूत्रात ओवणे सोपे आहे. कागद मात्र त्यास आधार देत नाहीत. महाराजांनी येथे आपले आगर आणि आपले बंदर राखले, आणि राज्यकर्त्याची दूरदृष्टी दाखविण्यास तेवढे पुरे आहे.

व्यापाराचा खराखुरा दबाव याच सरहद्दीने पाहिला तो पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी. गोवा सोडण्यास पोर्तुगाल राजी होईना, तेव्हा १९५४-५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. जकातीपेक्षा हा उपाय कडक. माल महाग करण्याऐवजी तो बंदच करावयाचा. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर सरहद्द अधिकच आवळली गेली. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठविणेही दुरापास्त झाले, म्हणजे झळ प्रथम लागली ती ज्यांच्या मुक्तीसाठी हे चालले होते त्यांनाच. लिस्बनच्या सरकारला मात्र समुद्र मोकळा होता. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येऊ लागले. कुडाळच्या घाटात बारदेशच्या मिठाला अडविता येत होते, कारण त्याचे गिऱ्हाईक घाटावर होते. मुरगाव बंदराला असा घाट नव्हता. नाकेबंदीच्या त्याच वर्षांत गोव्याच्या लोहखनिजाची निर्यात वाढत गेली, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक जपान होते.