चालणाऱ्याला जेवू कोण घालतो?



हल्ली इटलीत पायी हिंडण्याच्या सहली निघतात. वाटाड्या बरोबर असतो, सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जाते आणि संध्याकाळी त्या त्या प्रांताचे जेवण पानात पडते. आपल्या घरांतली मुले, नातवंडे परदेशी आहेत; तेव्हा या सहलींची छायाचित्रे उज्जैनच्या दिवाणखान्यांतही येऊन पोचतात. पण ज्या वाटांवर या सहली चालतात, त्यांतल्या काही मूळच्या यात्रेच्या वाटा आहेत. इ.स. 990 च्या सुमारास कँटरबरीचे धर्मगुरू सिगेरिक रोमहून परतले आणि त्यांच्या परतीच्या सुमारे 80 मुक्कामांची यादी मागे राहिली. त्याच यादीच्या आधाराने 'व्हिया फ्रांचिजेना' हा मार्ग आज पुन्हा चालता झाला आहे. वाटेवरच्या टस्कनीत 'रिबोलिता' खायला मिळते. शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी पुन्हा उकळून केलेले हे शेतकऱ्याघरचे अन्न आता पाहुण्यांपुढे कौतुकाने येते.

आज मी विचारणार आहे तो प्रश्न साधा आहे. माणूस चार-पाच दिवस पायी निघाला, तर त्याला वाट कोण दाखवतो आणि जेवू कोण घालतो? या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे आपल्या फार जवळ आहेत.

पहिले उत्तर आपल्या दाराशीच आहे. ते म्हणजे पंचक्रोशी यात्रा. इथल्या पंचांगात ती वैशाख कृष्ण दशमीला सुरू होऊन अमावस्येला संपते. आपल्या घरी मराठी दिनदर्शिका लागते, आणि तिच्यात महिना अमावस्येला संपत असल्याने हीच तिथी चैत्र वद्य दशमी म्हणून येते. दिवस तोच, महिन्याचे नाव तेवढे वेगळे. 'वैशाखातली यात्रा' म्हणून मराठी पंचांगात शोधणाऱ्याच्या हाती ती लागायची नाही.

पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून यात्रेकरू बळ मागतो आणि निघतो. पिंगळेश्वर 12 किलोमीटर, तिथून करोहन 23, मग नलवा 21, अंबोदिया 6, कालियादेह 21, जैथल 7, उंडासा 16 आणि क्षिप्रेचा घाट 12. एकूण 118 किलोमीटर. पूर्वेला पिंगळेश्वर, दक्षिणेला कायावरोहणेश्वर, पश्चिमेला बिल्वकेश्वर आणि उत्तरेला दुर्दरेश्वर हे महाकालवनाचे चार द्वारपाल. उज्जैनच्या 84 महादेवांपैकी शेवटचे चार हेच. म्हणजे ही वाट एका प्राचीन क्षेत्राची सीमा पायांनी आखून दाखवते. परतल्यावर नागचंद्रेश्वराला मातीचे घोडे वाहून घेतलेले बळ परत करायचे असते. उसने घेतले ते फेडले, हा हिशेब मला फार आवडतो.

या यात्रेला पुढारी नाही, पालखी नाही. वाट दाखवतो तो रिवाज, आणि जेवण ज्याचे त्याने करायचे. डोक्यावरच्या गाठोड्यात पीठ, डाळ, थोडे तूप. पडावावर गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे गोळे त्यांत भाजायचे आणि डाळीशी खायचे. घरी आपण बाफले करतो, ते आधी पाण्यात उकळून मग भाजतात. वाटेवर पाणी आणि भांडी बेताची, म्हणून तिथे बाटीच. तिला पोळपाट-लाटणे नको, तवा नको. ऐन उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, कडक सालीची बाटी दुसऱ्या दिवशीही खाता येते आणि गूळ-तुपात कुस्करली की तिचा चुरमा होतो. पावला-पावलावर भाकरी-पाणी मिळणारा मुलूख अशी माळव्याची ख्याती आहे, तिचा अर्थ या पडावांवर कळतो.

दुसरे उत्तर पंढरीच्या वारीचे. ती वाट महाराष्ट्रात असली तरी तिचा एक धागा आपल्या शिंदेशाहीतून गेलेला आहे. तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. ज्ञानेश्वर माउलींचा स्वतंत्र पालखी सोहळा हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास उभा केला. हे हैबतराव पवार साताऱ्याकडच्या आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कोंडले, तिथे हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले, अशी त्यांची कथा वारकरी सांगतात. पुढे ते आळंदीलाच राहिले. सोहळ्यासाठी घोडे आणि तंबू दिले ते अंकलीच्या शितोळे सरकारांनी. शितोळ्यांचीही शिंद्यांशी सोयरीक होती. महादजींची कन्या बाळाबाई त्यांच्याकडे दिलेली.

सोहळ्याची रचना पाहिली की फौजेत वावरलेल्या माणसाचा हात ओळखू येतो. रथापुढे 27 दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, प्रत्येकीची जागा ठरलेली. मुक्काम ठरलेले: सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि अफाट समुदाय क्षणात शांत होतो. मग कोणाचे काय हरवले, काय सापडले, कोणाची काय तक्रार, ते पुकारले जाते. फौज लढाईसाठी तळ हलवते. हैबतबाबांनी तीच शिस्त भजनाकडे वळवली, असे मला वाटते. इथे जेवण दिंडीचे. वारकरी भिशी भरतो, सामान ट्रकने पुढे जाते आणि तंबूत सर्वांना एकाच पंगतीत पिठले-भाकरी वाढली जाते. इटलीच्या सहलीची व्यवस्था याहून फारशी निराळी नाही.

तिसरे उत्तर मी जैन असल्याने मला घरचे आहे. आमचे साधू-साध्वी वर्षातले आठ महिने अनवाणी विहार करतात. त्यांनी स्वतः चूल पेटवायची नाही, पैसा जवळ बाळगायचा नाही. गृहस्थाच्या घरी शिजलेले, तेही केवळ त्यांच्यासाठी केलेले नसावे, आणि सूर्यास्तापूर्वीच घ्यायचे. म्हणजे त्यांची वाट गावोगावच्या स्वयंपाकघरांवर अवलंबून असते. वारकरी आषाढी एकादशीला पंढरपुरी पोचतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, चतुर्दशीला, आमचा चातुर्मास लागतो आणि साधू एका गावी स्थिर होतात. पावसात उगवणारे जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून ही स्थिरता. एकाच आषाढात एक परंपरा चालून पोचते आणि दुसरी चालणे थांबवते.

तर स्वतः रांधणे, वर्गणीने जेवणे आणि दुसऱ्याच्या घरचे घेणे, अशी ही तीन उत्तरे. पहिल्यात माणूस आपला भार आपण वाहतो, दुसऱ्यात समूहावर विसंबतो, तिसऱ्यात अनोळखी दारावर. विकत घेतलेल्या सहलीत जेवण चांगले मिळते, वाटही सुंदर असते. पण पैसे चुकते केले की कोणाचे देणे उरत नाही आणि नातेही उरत नाही.

आता आपल्याविषयी. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळात उज्जैनचा सिंहस्थ पुन्हा भरू लागला. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेल्यावरही बायजाबाईंनी इथे गोपाळ मंदिर बांधले. त्या पिढ्यांबरोबर आलेली आपली घराणी या वास्तूंविषयी अभिमानाने बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मंदिरे बांधलेल्यांचा इतिहास दगडावर आणि दप्तरात राहतो. चालणाऱ्यांचा इतिहास चालणाऱ्यांच्या पायांतच राहतो. एक पिढी चालली नाही की तो तुटतो. पंचक्रोशीत आज मोठ्या संख्येने दिसतात ती माळव्याच्या खेड्यांतली माणसे, त्यांतही बायका अधिक. आपल्यापैकी किती घरांत आजी किंवा पणजी करोहनपर्यंत चालल्याची आठवण आहे?

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने सभासदांकडे दोन गोष्टी मागतो. घरातल्या वृद्धांकडून या यात्रेच्या आठवणी, मुक्कामाची नावे, गाठोड्यातला शिधा, हे सारे मराठीत लिहून घ्या आणि संस्थेकडे द्या. आणि येत्या चैत्र वद्य दशमीला पहाटे, ऊन चढण्याआधी, निदान नागचंद्रेश्वर ते पिंगळेश्वर हे 12 किलोमीटर नातवंडांना घेऊन चाला. पाण्याची बाटली आणि डोक्याला पंचा विसरू नका. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पीठ बरोबर घ्या, गोवऱ्या तिथे मिळतील.