‘स्फोट’ : शब्द, वस्तू आणि फॅरडे यांची बालव्याख्याने

शास्त्रीय कल्पना मुलांना सांगताना शब्द आधी द्यावा की वस्तू आधी दाखवावी, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. या दृष्टीने मायकेल फॅरडे (१७९१-१८६७) यांची व्याख्याने उद्बोधक आहेत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातील व्याख्यानमाला १८२५ मध्ये सुरू झाली. तीत १८६०-६१ साली फॅरडे यांनी मेणबत्तीच्या रासायनिक इतिहासावर सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्स यांनी ती संपादून १८६१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘स्फोट’ हा शब्द ‘स्फुट्’ या धातूपासून आला. फुटणे व उमलणे हे दोन्ही अर्थ त्या धातूत आहेत. भर्तृहरीने ‘स्फोट’ शब्दतत्त्वाच्या विवेचनात योजिला. मराठीत मात्र धडाका हाच अर्थ रूढ झाला. इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ पाहिले, तर टाळ्यांच्या गोंगाटाने नटाला रंगभूमीवरून हुसकावणे असा त्याचा अर्थ निघतो. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधवाचक; मराठीत तो मद्याला लागला आणि तोफेच्या दारूलाही. सारांश, एका शब्दात फुटणे आहे, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात केवळ पदार्थ. कारण कोणत्याच शब्दात नाही.

हे कारण फॅरडे यांनी ज्योतीपासून आरंभ करून उलगडले. मेणबत्तीत मेणाची वाफ जळते. पण हवेतील प्राणवायू तिला ज्योतीच्या कडेलाच भेटतो, म्हणून ज्वलन संथ चालते. पुढे त्यांनी दोन भाग हायड्रोजन व एक भाग प्राणवायू यांच्या मिश्रणाचे साबणाचे फुगे काढून ते तळहातावर पेटविले. येथे जळणाऱ्या वायूच्या प्रत्येक कणाशेजारी प्राणवायू आधीच उभा असतो. त्यामुळे ज्योत क्षणार्धात सर्वत्र धावते, तप्त वाफ एकदम फुगते, भोवतालची हवा ढकलली जाते आणि आवाज होतो. वायू थोडा व फुग्याचा पापुद्रा नाजूक, म्हणून हाताला इजा झाली नाही. (आजच्या शिक्षकाने मात्र हे धाडस करू नये.) तोफेच्या दारूत प्राणवायू सोऱ्यातच साठविलेला असतो, म्हणून ती बंदिस्त जागीही पेटते व पात्र फोडते. अर्थात् ज्वलन आणि स्फोट यांत जातीचा भेद नसून वेगाचा व मिश्रणाचा भेद आहे.

दाब आणि सुटका एवढाच भाग मुलांना समजावावयाचा असेल, तर प्रयोगशाळेचीही गरज नाही. ‘प’ उच्चारताना ओठ मिटतात, आत हवा दाटते आणि ओठ उघडताच ती बाहेर पडते. ध्वनिशास्त्रात अशा व्यंजनांना ‘स्फोटक’ म्हणतात ते यामुळेच. येथे आग नाही. म्हणून फुटणे आणि जळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हेही मुलाच्या ध्यानी येते.

फॅरडे यांचा आणखी एक प्रयोग विशेष लक्षणीय आहे. लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीची बारीक धूळ त्यांनी ज्योतीवर उडविली, तेव्हा तिचा ढग सूं करून जळून गेला. ही धूळ नाटकगृहात वीज दाखविण्यासाठी वापरीत. पण या खेळामागे एक गंभीर प्रसंग उभा आहे. २८ सप्टेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधील हॅस्वेल येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे व मुले दगावली. चौकशीसाठी सरकारने फॅरडे व भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठविले. खाणीतील वायू प्रथम पेटला खरा. परंतु उडालेल्या कोळशाच्या धुळीने ती आग वाढविली, असे त्यांनी आपल्या अहवालात दाखवून दिले. या निष्कर्षाकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष दिले गेले नाही. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कूरिएर येथील खाणीत कोळशाच्या धुळीच्या स्फोटाने १,०९९ जीव घेतले.

धुळीचा प्रयोग आणि हॅस्वेलचा अहवाल यांचा संबंध व्याख्यानात सांगितलेला नाही. तो आपण जोडीत आहोत. परंतु या जोडणीतूनच प्रस्तुत टिपणाचा मुद्दा स्पष्ट होतो. बारीक, पसरलेली वस्तू वेगाने जळते, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला मिनिटभरात पटते. तीच अहवालाच्या भाषेत राहिली तर खाणीपर्यंत पोचत नाही. मराठीत परिभाषा घडविताना ‘स्फोट’ला प्रतिशब्द शोधणे सोपे आहे. त्या शब्दामागचे कारण मुलाच्या बोलीत सांगणे, हे त्याहून अवघड आणि त्याहून अगत्याचे कार्य होय.